‘करील’ आणि ‘करता येईल’ यांमधला विदर्भ

रामटेक तालुक्यात, देवलापारकडच्या एका गावातून आलेल्या आणि सध्या नागपुरात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणाने मला विचारलं आहे: ‘वकीलसाहेब, विदर्भाला आपलं आपण ठरवायचा अधिकार हवा असेल, तर वेगळं राज्य हा एकच रस्ता आहे का? नागपूर करार आहे, कलम ३७१(२) आहे, ७३वी घटनादुरुस्ती आहे. मग आपल्या हातात नेमकं काय आहे आणि काय नाही?’

नागपूर खंडपीठात मी अठ्ठावीस वर्षं वकिली करतो आहे. त्यातला बराच काळ ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि ग्रामसभांची प्रकरणं लढण्यात गेला. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे आणि उत्तर दोन ओळींत देऊन मोकळं व्हावं असं वाटत नाही.

आधी एक सवय लावून घ्या. अधिकार देणारा कुठलाही मजकूर समोर आला की त्याचं क्रियापद पाहा. ‘करील’ म्हटलंय की ‘करता येईल’ म्हटलंय? पहिल्यात कुणावर तरी बंधन आहे, दुसऱ्यात कुणाची तरी मर्जी आहे. मग पुढचा प्रश्न विचारा: हे मोडलं तर मी कुणाचं दार ठोठावू शकतो? विदर्भाच्या पदरात काय पडलं आणि काय निसटलं, याचा हिशेब मला तरी या दोन प्रश्नांनीच लागला.

नागपूर करारापासूनच सुरुवात करू. २८ सप्टेंबर १९५३ ला यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आणि इतर नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. मराठी भाषकांचं एक राज्य करायचं तर विदर्भाला आणि मराठवाड्याला काय शब्द द्यायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. राजधानी मुंबई राहील, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला असेल, सरकार ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं वर्षातलं किमान एक अधिवेशन इथे भरेल, निधी आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. त्याच करारात प्रशासनाच्या विकेंद्रीकरणाचंही एक कलम आहे. करारावर एवढी भाषणं होतात, पण त्या कलमाची आठवण काढताना मी फार थोड्यांना ऐकलंय.

आता या एकाच करारातल्या दोन आश्वासनांचं पुढे काय झालं ते पाहा. दोन्ही आश्वासनं आमच्या सिव्हिल लाइन्समध्येच येऊन पोहोचली, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

पहिलं खंडपीठाचं. नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते गेलं. पण १९६० मध्ये संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला, तेव्हा त्याच्या कलम ४१ मध्ये स्पष्ट लिहिलं की मुंबई उच्च न्यायालयाचे किमान तीन न्यायमूर्ती नागपूरला बसतील, आणि बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) आणि राजुरा इथली प्रकरणं चालवतील. ‘बसतील’ म्हटलंय, ‘बसवता येतील’ नाही. जिल्ह्यांची नावंसुद्धा कायद्यातच आहेत. त्यामुळे आज बुलडाण्याचा शेतकरी मलकापूरहून रात्रीची गाडी धरतो, सकाळी आमच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली डबा सोडतो, दुपारी त्याच्या प्रकरणाचा पुकारा होतो आणि संध्याकाळच्या गाडीने तो घरी निघतो. त्याला मुंबई पाहावी लागत नाही. ही सोय कुठल्याही सरकारला एका आदेशाने काढून घेता येणार नाही, त्यासाठी संसदेचा कायदाच बदलावा लागेल.

दुसरं आश्वासन अधिवेशनाचं. ते परंपरेवर राहिलं. दरवर्षी डिसेंबरमध्ये विधानभवन उघडतं, मंत्री उतरतात ते रविभवन रंगवलं जातं, यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, शिष्टमंडळं निवेदनं देतात. दोन आठवड्यांच्या आसपास सगळं आवरतं आणि फायली पुन्हा मुंबईला जातात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या कारणाने हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं. कारण खरं होतं, मी त्यावर वाद घालत नाही. पण त्या काळात मला दोघा-तिघांनी विचारलं की कराराच्या आधारे याचिका करता येईल का. मला नाही म्हणावं लागलं. करार हा नेत्यांनी नेत्यांना दिलेला शब्द आहे, तो कायदा नाही. शब्दाला किंमत असते, पण त्याच्या जोरावर कुणाला पिंजऱ्यात उभं करता येत नाही.

आता कलम ३७१(२). हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, आणि कराराचा थोडासा भाग त्यातून राज्यघटनेत शिरला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळं, विकासखर्चाची न्याय्य वाटणी, आणि तांत्रिक शिक्षण व राज्य सेवेतल्या नोकऱ्यांची पुरेशी सोय, याबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येईल, असं ते सांगतं. टाकता येईल! राष्ट्रपतींनी तसा आदेश काढला तर. शिवाय वाटणीची आणि नोकऱ्यांची गोष्ट निघते तिथे ‘संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन’ अशा अर्थाची अट जोडलेली आहे. वकिलाच्या नजरेने वाचलं तर एवढ्या एका वाक्यात दोन पळवाटा आहेत.

त्या किती महागात पडल्या, ते तारखांवरूनच कळतं. तरतूद १९५६ ची. मंडळं नेमावीत असा ठराव विधिमंडळाने केला १९८४ मध्ये. राष्ट्रपतींचा आदेश निघाला मार्च १९९४ मध्ये आणि १ मे १९९४ ला मंडळं अस्तित्वात आली. अडतीस वर्षं! माझ्या वडिलांची पूर्ण नोकरी त्या अडतीस वर्षांत बसते. पुढे मुदतवाढ मिळत मिळत ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा नेमण्याचा निर्णय घेतला, म्हणजे मुदत संपल्यावर दोन वर्षांहून जास्त काळाने. ‘करता येईल’ या क्रियापदाने चालणाऱ्या संस्थेचं हेच होतं. ती कुणी मोडत नाही, फक्त तिची मुदत वाढवायची राहून जाते.

मंडळं निरुपयोगी होती, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातले बरेच लोक तसं म्हणतात आणि मला ते पटत नाही. मंडळांमुळे आकडे समोर आले. त्याआधी वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे, हे पहिल्यांदा मोजून दाखवलं: एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा, त्यातला विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास. मंडळं आल्यावर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा तोच आकडा १४,००० कोटींवर गेला होता. महागाई आणि मोजण्याची बदललेली पद्धत जमेस धरली, तरी दहा वर्षांत अनुशेष आटला नव्हता हे उघड आहे. पुढे राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यायला सुरुवात केली आणि सिंचनाच्या पैशांची पळवापळव थोडी अवघड झाली.

पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि नागपूरकर म्हणून ती बोलायला मला जड जातं. सिंचनाचा जो अनुशेष शेवटपर्यंत चिवटपणे उरला, तो अमरावती विभागातल्या अकोला, अमरावती, वाशिम आणि बुलडाणा या जिल्ह्यांचा. म्हणजे मुंबईने विदर्भाला दिलं नाही, हे अर्धं खरं. विदर्भाच्या आतही वाटणी सारखी झाली नाही, हे उरलेलं अर्धं. अकोल्याचा माणूस नागपूरकडे तसाच पाहतो, जसे आपण मुंबईकडे पाहतो. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीचं जिल्हा मुख्यालयसुद्धा लांब पडतं. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे पाहण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने, आणि मला तो पूर्णपणे योग्य वाटतो. जिल्ह्याची सरासरी काढली की नागपूर शहराच्या उजेडात भिवापूर तालुका दिसेनासा होतो.

३७१ याच कुळातली दुसरी तरतूद शेजारी ठेवली की फरक लगेच कळेल. तेलंगणालाही १९५६ मध्ये आपल्यासारखीच, नेत्यांच्या सह्यांची आश्वासनं मिळाली होती. ती पाळली गेली नाहीत. १९६९ आणि १९७२ ची आंदोलनं झाली, आणि १९७३ मध्ये ३२व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१घ आलं. त्याखाली १९७५ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला: कुठलं पद कुठल्या स्थानिक संवर्गात, कुठल्या भागातल्या उमेदवाराला किती जागा, सगळं आखून दिलेलं. तिथल्या बेरोजगार मुलाला कोर्टात जाऊन ‘माझ्या विभागातली जागा बाहेरच्याला दिली’ म्हणता येत होतं. आपल्या मुलाला ३७१(२) घेऊन तसं म्हणता येत नाही, कारण ‘न्याय्य व्यवस्था’ म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नाही.

तरीही तेलंगणा वेगळं झालंच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आणि तिथून आपण कलम ३ वर येतो.

नवं राज्य करायचा अधिकार संसदेचा आहे आणि तो साध्या बहुमताने वापरता येतो, घटनादुरुस्तीचं बहुमत लागत नाही. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने यावं लागतं आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं त्यावर मत मागवावं लागतं, एवढंच. त्या मताने संसद बांधली जाते का? हा प्रश्न आपल्याच निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५६ मध्ये विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, त्याला बाबूलाल पराते यांनी आव्हान दिलं. विधिमंडळासमोर आलेला प्रस्ताव वेगळा होता आणि संसदेने केलं वेगळंच, असा मुद्दा होता. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की राज्याचं मत मागवणं बंधनकारक आहे, मानणं बंधनकारक नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं आणि तरी २ जूनला तेलंगणा झालं, ते याच निकालाच्या जोरावर.

म्हणून ‘मुंबईची विधानसभा कधीच होऊ देणार नाही’ हा आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने कच्चा आहे. २८८ पैकी ६२ आमदार विदर्भाचे, हे खरं आहे आणि बाकी बाबतीत ते फार जाचतं. पण राज्यनिर्मितीची किल्ली त्या सभागृहात नाही, ती दिल्लीत आहे. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनीही मराठी भाषकांची एकाऐवजी चार राज्यं सुचवली होती आणि त्यांत पूर्वेचं एक होतं. म्हणजे मागणी वेडगळ नव्हती, आजही नाही. अडलं आहे ते राजकीय इच्छेपाशी.

मी स्वतः वेगळ्या राज्याच्या बाजूचा होतो. तरुणपणी मोर्चांत गेलो आहे, घोषणा दिल्या आहेत. आजही विरोधात नाही. पण आता मला एवढंच पुरेसं वाटत नाही, आणि त्याला कारण शेजारी घडलेल्या गोष्टी आहेत. झारखंड २००० मध्ये आदिवासींच्या स्वशासनाच्या नावाने झालं. तिथे पंचायतीच्या निवडणुका व्हायला २०१० उजाडलं. राज्य स्वायत्त झालं आणि गावात दहा वर्षं निवडून दिलेला पंच नव्हता! छत्तीसगडही त्याच महिन्यात जन्मलं आणि आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम तिथे २०२२ मध्ये आले. राजधानी रांचीला आली, रायपूरला आली आणि सत्ता तिथेच मुक्कामाला थांबली. नागपूर राजधानी झाली तर सत्ता इथे थांबणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा बदलला म्हणून शेळ्यांना काय फरक पडतो?

तर मग गावापाशी येऊ, कारण माझ्या मते खरी लढाई तिथे आहे.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत: शेती, पाटबंधारे, रस्ते, प्राथमिक शिक्षण, गौण वनउत्पादन, बरंच काही. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि समजतात की हे विषय पंचायतींना मिळाले. मिळालेले नाहीत. कलम २४३छ नीट वाचा. राज्य विधिमंडळाला ते पंचायतींकडे सोपवता येतील, असं ते म्हणतं. पुन्हा तेच क्रियापद. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत आणि एके काळी त्या खरोखर बलवान होत्या. पण घटनादुरुस्तीनंतरच्या काळात एकेक योजना पुन्हा राज्याच्या खात्यांकडे आणि मंत्रालयाच्या शासन निर्णयांकडे सरकत गेल्याचं मी पाहिलं आहे. निवडणूक मात्र २४३ङ नुसार मुदतीत घ्यायचीच आहे, महिलांना एक तृतीयांश जागा द्यायच्याच आहेत, आणि महाराष्ट्राने त्या २०११ पासून निम्म्या केल्या. जिथे ‘च’ आहे तिथे काम झालं. सरपंचाच्या खुर्चीवर बसलेली बाई ही त्या ‘च’ची कमाई आहे. गावाच्या हाती सगळं दिलं तर गावातला दांडगा ते गिळेल, ही आंबेडकरांची घटना समितीतली भीती अगदी खरी होती, आणि तिला मिळालेलं उत्तर म्हणजे हे आरक्षण.

पैशाचं काय होतं ते एका प्रकरणातून सांगतो. कुही तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचबाई माझ्याकडे आल्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठरावाची वही आणि पासबुक. गावाच्या आणि शेतांच्या मधे नाला, त्यावरचा रपटा पावसाळ्यात वाहून गेला. तुरीला जायचं तर चार किलोमीटरचा फेरा. ग्रामसभेने एकमताने ठराव केला की यंदा सगळा पैसा रपट्याला. पंचायतीच्या खात्यात १५व्या वित्त आयोगाचे पैसे पडून होते. पण त्या पैशाचा ६० टक्के भाग बंधित: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. समजा दहा लाख आले, तर सहा लाखांना हात लावायचा नाही. उरलेल्या चारांत आधीच मंजूर आराखड्यातली कामं. गावात नळ होते, गटारं होती, दोन वर्षांपूर्वीच झाली होती. तरी पैसा पुन्हा गटारावरच खर्च करा, असं त्यांना वरून सांगण्यात आलं. बाई मला म्हणाल्या, ‘साहेब, पैसा आमचा म्हणता, मग किल्ली काहून तुमच्यापाशी?’

मी त्यांना कोर्टात नेलं नाही. बंधित निधीची अट कायदेशीर आहे आणि याचिका टिकली नसती. जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव दिला, पाठपुरावा केला, दोन पावसाळ्यांनंतर रपटा झाला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कलम २४३झ मुळे राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमायचा असतो, तो नेमला जातोही, पण त्याच्या शिफारशी मानायचं बंधन सरकारवर नाही. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्यांमधून हवेत, असं राज्यघटना म्हणते, पण अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात आणि निधी कुठे जाणार हे बहुतेक वेळा त्यांच्या खुर्चीकडे पाहून ठरतं. पैसा ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. विषयांची यादी कितीही लांब असली तरी यात बदल होत नाही.

याच्या उलट चित्र पाहायचं तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार’ ही घोषणा देणारं हे गोंडांचं छोटं गाव. इथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. देवाजी तोफांसारख्या माणसांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, म्हणजे कायदा आधी गावाने वाचला आणि मग मागितला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला, पण बांबू विकता येईना. का? बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वन खात्याकडे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू म्हणजे झाड, २००६ च्या कायद्यात बांबू म्हणजे गौण वनउपज. दोन्ही कायदे संसदेचेच. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. बांबूची जुनी व्याख्या बदलायला मात्र २०१७ उजाडलं.

त्या पुस्तकाचा विचार करा. हातभर लांबीचं, कार्बन लावून लिहायचं, साधं पावतीपुस्तक. मालकी कुणाची यावर इतकी वर्षं वाद झाले, आणि स्वायत्तता शेवटी येऊन अडली ती पावती कोण फाडणार यावर. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी ती अशाच एखाद्या पुस्तकावर, शिक्क्यावर किंवा लॉगिनवर अडते.

विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचंही तसंच. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग. मे महिन्याच्या उन्हात अख्खं कुटुंब पहाटे जंगलात जातं, दुपारी दारात बसून पुडकी बांधतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतं. लिलाव वन खातं करायचं. २०१३ पासून गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तो स्वतः करायला घेतला. काही हंगामांत भाव इतके चढले की गावांच्या खात्यात कधी नव्हे एवढा पैसा आला. मग भाव पडले आणि काही कंत्राटदारांनी पैसे बुडवले. तेव्हा ‘पाहा, यांना झेपत नाही’ म्हणणारे लगेच पुढे आले. मला ते अजिबात मान्य नाही. बाजार पडला तर व्यापाऱ्याचंही नुकसान होतं, म्हणून कुणी त्याचं दुकान काढून घेत नाही. ग्रामसभांना हवी आहे ती करारनामा लिहून देणारी, अनामत रक्कम आधी घ्यायला सांगणारी मदत. अशी कागदपत्रं मी काही ग्रामसभांना करून दिली आहेत आणि त्या पुढच्या हंगामात कुणाकडून फसल्या नाहीत.

अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा कायदा आहे आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत. पंचायतींना पेसाखाली ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा राज्याचा निर्णय २०१५ चा, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतला तो राज्याचा सगळ्यात चांगला निर्णय आहे, कारण त्यात ‘अबंध’ हा शब्द आहे. कुहीच्या सरपंचबाईंना नेमका तोच शब्द हवा होता. पेसाच्या कलम ४ मध्ये आणखी एक तरतूद आहे, जी परीक्षेत कुणी विचारत नाही: अनुसूचित क्षेत्रातल्या जिल्हा पातळीवरच्या पंचायतींची रचना करताना राज्याने सहाव्या अनुसूचीचा नमुना डोळ्यासमोर ठेवण्याचा प्रयत्न करावा. सहावी अनुसूची म्हणजे आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराममधल्या स्वायत्त जिल्हा परिषदा, ज्या जमीन, जंगल, रूढी यांवर स्वतः कायदे करतात. गडचिरोलीला तसं काही मिळू शकलं असतं. पण ‘प्रयत्न करावा’ म्हटलं आहे ना! तीस वर्षं होत आली, तरी ते कागदावरच आहे.

शहराचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे हाती फार लागत नाही. ७४व्या दुरुस्तीने नगरनियोजन हा पालिकांचा विषय म्हटला. नागपुरात १९३६ च्या कायद्याने आलेला नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आहे, त्याच्या प्रमुखपदी राज्याने नेमलेला अधिकारी असतो. एका गल्लीत नकाशा महापालिकेचा, पलीकडच्या लेआउटमध्ये आरएलसाठी, म्हणजे भूखंड नियमित केल्याच्या पत्रासाठी, नासुप्रच्या चकरा. महापालिकेचं उत्पन्न आधी जकातीचं होतं, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, मग तीही गेली आणि आता जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे पाहावं लागतं. कलम २४३प म्हणतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. तरी मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ इथे प्रशासक होते. म्हणजे ‘करील’ लिहिलं की आपोआप होतं, असंही नाही. पण लिहिलेलं होतं म्हणूनच लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं. कराराच्या बाबतीत ते दारसुद्धा नव्हतं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: वेगळं राज्य मागायचं असेल तर जरूर मागा, पण ते मागताना त्या राज्याच्या पहिल्या कायद्यात जिल्हा परिषदेला आणि ग्रामसभेला काय ‘द्यायचंच’ आहे, हेही आत्ताच लिहून मागा. ३७१(२) पुन्हा जागं करायचं असेल तर ‘न्याय्य’ या शब्दाचा आकडा मागा. आणि दोन्ही होईपर्यंत हात बांधून बसू नका, कारण काही अधिकार आज तुमच्या गावापाशी आहेत आणि ते कुणी वापरत नाही.

तुमचं गाव देवलापारकडे आहे. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा तुम्हाला लागू नाही. बरेच जण इथे चुकतात आणि तो लागू आहे असं समजतात. पण वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे. ग्रामसभा बोलावून वनहक्क समिती निवडा. सामूहिक हक्कांसाठी नमुना ख आणि सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना ग भरायचा असतो. दावा आधी ग्रामसभेच्या ठरावाने मंजूर होतो, मग उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. इथे ‘द्यावंच लागतं’. पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतातच. शिवाय आपल्याकडे एक मोठी सोय आहे, जी पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांकडे नाही. जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्तात गावोगावचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज लिहून ठेवलेलं आहे: कुठल्या जंगलातून गावाने सरपण आणायचं, गुरं कुठे चारायची, बांबू कुठून तोडायचा, वाट कुठून जाते. येत्या ग्रामसभेच्या आधी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून दोन्हींच्या प्रमाणित नकला काढा. जुनी मोडी किंवा उर्दू वळणाची अक्षरं लागली नाहीत तर माझ्याकडे घेऊन या, आपण बसून वाचू.